निर्ण्याकडचे साडीदान

माघ महिना, सन १९५१. सोमवार, सकाळ. सोलापूर, दत्तमंदिराचे आवार.

हजर: दाजीसाहेब, सेवामंडळाचे अध्यक्ष, कापडाचे व्यापारी, विधुर. विनायकभट, दाजीसाहेबांचा आचारी. मोघे, फोटोवाले. हुसेन, लॉरीचा ड्रायव्हर. मी, मंडळाची चिटणीस.

गैरहजर: सभेत हात वर करून ‘आम्ही नक्की येऊ’ म्हणणारे बाकी सगळे.

सामान: ज्वारीची पोती, नव्या साड्यांचे गठ्ठे, शिवाय दाजीसाहेबांचे सोवळ्याचे पेटारे, पाण्याचे हंडे, शेगडी, कोळसा, पाट आणि दोन समया. निम्मी लॉरी गरिबांच्या सामानाने भरली, उरलेली निम्मी दाजीसाहेबांच्या पावित्र्याने. हंड्यांना हुसेनचा हात लागू नये म्हणून ते मागे बांधले होते. दाजीसाहेब स्वतः मात्र हुसेनच्या शेजारी बसले, कारण गादी तेवढी पुढेच होती. शास्त्रालाही मऊ जागा दिसली की डुलकी लागते.

आमच्या देवळात सीमेपलीकडून, हुमनाबाद-कल्याणीकडून, बरीच मंडळी दर्शनाला येतात. पोलीस ॲक्शनची धामधूम सरली, तोवर पावसाने हात आखडला, घरांत कर्ता पुरुष नाही आणि कणगीत दाणा नाही, असे त्यांच्याकडून कळले. मंडळाने सभा घेतली. सभेत तीन भाषणे झाली, आरती झाली, पेढे वाटले गेले. मग काम माझ्याकडे आले.

नाका

मुंबई राज्य संपून हैदराबाद राज्य सुरू होते तिथे करोडगिरीचा नाका आहे. परराज्यातून येणाऱ्या मालावर तिथे जकात घेतात. माझ्याजवळ कलेक्टर कचेरीचे पत्र होते. ते दाखवले असते तर चहा थंड व्हायच्या आत आम्ही सुटलो असतो. पण दाजीसाहेब खाली उतरले आणि नाकेदारापुढे दानाचे प्रकार सांगू लागले. सात्त्विक दान, राजस दान, तामस दान. नाकेदार पान चघळत ऐकत होता. आमच्या लॉरीच्या दोन्ही अंगांना मंडळाचे आणि दाजीसाहेबांचे नाव लिहिलेले कापड ताणून बांधले होते. त्याकडे बोट करून तो म्हणाला, “दान है तो इत्ता बड़ा बोरड कायकू लगाए, हजरत? मैं तो समझा, दुकान खोलने जारे.”

हुसेन तोंड फिरवून चाकाची हवा पाहू लागला. मी पत्र पुढे केले. आम्ही सुटलो.

कोहिनूर

उमरगा मागे पडल्यावर जमीन बदलते. काळे रान लांबपर्यंत पसरलेले, मग मध्येच लाल मुरुमाचा माळ वर येतो, पुन्हा काळे रान. करडईची पिवळी फुले, कणसांनी वाकलेला शाळू, बांधावर चिंचा. उपाशी मुलूख असा दिसत नाही, असे मोघे म्हणाले आणि त्यांना फार वाईट वाटले. त्यांनी फोटोसाठी भेगाळलेली जमीन मनात धरली होती. रान हिरवे होते हे खरे, पण ज्याच्या घरी पेरायला माणूस आणि बैल दोन्ही नाहीत त्याच्या वाट्याला त्यातले काहीच नव्हते. ते फोटोत येत नाही.

इथला माणूस म्हशीला कानडीत हाकतो, कचेरीत उर्दूत बोलतो आणि घरात मराठीत भांडतो. कोणाला यात काही विशेष केले असे वाटत नाही. आमच्या सोलापुरातही तीन-चार भाषा आहेत, पण आम्ही त्यावर परिषदा भरवतो.

कोहिनूर या गावी फक्त ज्वारी वाटायची होती. ती सुरळीत वाटून झाली, आणि त्याचे कारण मी नमूद करून ठेवते: दाजीसाहेब तिथे नव्हते. ते अंघोळीसाठी गेले होते. कोणी शिवलेली नाही अशी विहीर विनायकभट शोधत होता. कोणी शिवलेली नाही अशी विहीर म्हणजे आटलेली विहीर, हे त्याला तिसऱ्या विहिरीला कळले. तोवर इकडे शाळामास्तरांच्या बायकोने आणि मी मापे टाकून पोती रिकामी केली. बायका पदर पसरून आल्या, घेऊन गेल्या. कोणी कोणाला ढकलले नाही. आमच्या मंदिरात प्रसादाच्या वेळी होते तशी झोंबाझोंबी पाहायची सवय असल्याने मला चुकल्यासारखे झाले.

दाजीसाहेब परत आले ते नाराज होऊन. “आमच्यावाचून वाटप उरकलंत, चिटणीसबाई? दात्याचा हात लागला पाहिजे. साड्या मी स्वतः देईन. एकूण एक.”

“बायकांना साड्या बायकांनी दिलेल्या बऱ्या,” मी म्हटले.

“दानाला स्त्री-पुरुष भेद नसतो,” ते म्हणाले. तेवढ्यात विनायकभट ओलेत्याने हंडा घेऊन गेला, आणि मी त्याच्या वाटेत उभी म्हणून मला बाजूला व्हायला सांगण्यात आले.

निर्ण्याजवळचे गाव

गावाचे नाव मुद्दाम देत नाही. हुमनाबादकडच्या निर्ण्यापासून बैलगाडीच्या वाटेवर आहे एवढे पुरे.

आम्ही पाटलांकडे उतरलो. बसवण्णांना मानणारे घर, येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालणारे. पाटलीणबाई गंगाक्का, वयाने माझ्याएवढ्या, आवाजाने माझ्या दुप्पट. त्यांनी आल्या आल्या पाट मांडले. विनायकभटाने गोठ्याच्या कडेला आपली शेगडी मांडली. गंगाक्का पाहत राहिल्या.

“कामून वो अक्का, आमच्या घरचं जेवन चालत न्हाई व्हय ह्येंला?”

“सोवळं असतं त्यांचं,” मी म्हटले.

“मंजे आमच्या घरात झोपायलेत, आमच्या म्हशीचं दूध घ्यायलेत, आन् भाकर तेवडी इटाळाची?”

“दुधाला चालतं, असं शास्त्र आहे.”

“शास्तर म्हशीनं लिवलं आसंल,” गंगाक्का म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी जेवत होते. त्यांच्या घरची भाकरी कडक, पापडासारखी मोडणारी, महिनाभर टिकते. सोबत पुंडीची भाजी, म्हणजे आपली अंबाडी, लसणाची खरपूस फोडणी घातलेली, कारळाची काळी चटणी आणि वाटीभर घट्ट दही. आमच्याकडे अंबाडीत तांदळाच्या कण्या आणि गूळ घालून तिचा स्वभावच मोडतात. इथे तिला आंबट राहू देतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पाराजवळ लोक जमले. पारावर गावचे पंच बसले होते, पागोटी बांधून, कारण फोटो निघणार होते. खाली एका बाजूला ज्यांना साड्या द्यायच्या त्या बायका. पाटलांनी नावे आधीच सांगितली होती: नवरा नसलेल्या, हाताशी मुलगा नसलेल्या बायका आधी. सगळ्यांत पुढे बसली होती मल्लम्मा. धनगराच्या घरातली, तिशीतली, उंच, हाताला कामाचे घट्टे. नवरा धामधुमीनंतरच्या साली तापाने गेला. दोन मुली. ओढ्याकाठी थोडे रान, नवऱ्याच्या वाटणीचे. ते ती स्वतः करते. यंदा त्यात शाळू उभा होता आणि चांगला उभा होता. गंगाक्कांनीच हे सगळे मला सांगितले होते.

दाजीसाहेबांनी भाषण केले. उपाशी माणसांपुढे भाषण करण्यात एक सोय असते: कोणी उठून जात नाही. पत्नी गेल्यापासून आपण कसे एकटे आहोत, घर कसे खायला उठते, हे त्यांनी सांगितले. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, “पंचांच्या साक्षीने सांगतो, या अबलांचा भार आजपासून माझ्यावर!”

पारावरचे एक म्हातारे पंच ताठ बसले.

मोघ्यांनी कॅमेरा लावला. मल्लम्माला पुढे बोलावले. दाजीसाहेबांनी घडी घातलेली हिरवी साडी दोन्ही हातांनी पुढे केली. मोघे काळ्या कापडाखालून ओरडले, “साडी दिसत नाही हो! उलगडा. तिच्या खांद्यावर टाका. बाई, मान खाली. दाजीसाहेब, तुम्ही हसा.”

दाजीसाहेबांनी साडी उलगडली, मल्लम्माच्या खांद्यावर टाकली, आणि हसले. फोटो निघाला.

सगळा पार गप्प झाला. एवढी माणसे एकदम गप्प होतात तेव्हा काहीतरी मोडलेले असते. मग बायकांत कोणीतरी फिस्सकन हसले, आणि मागून एक म्हातारी म्हणाली, “आगं बया, आन् हळद कुटं हाय?”

हशा उसळला. दाजीसाहेबांना वाटले लोक आनंदले. त्यांनी हात जोडले.

मी गंगाक्कांकडे पाहिले. त्या हसत नव्हत्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “अक्का, तुमच्या या अप्पानं उडकी केली की वो मल्लम्मासंगं!”

उडकी म्हणजे विधवेचे दुसरे लग्न. आपल्याकडे पाट लावतात तसे. पण त्याला इकडे ना मांडव लागतो, ना भटजी. पुरुषाने पंचांसमोर नवी साडी बाईच्या खांद्यावर टाकली, तिचा भार घेतो म्हटले, की झाले. यात काही कमीपणा नाही. आमच्या सोलापुरात बाईला जन्मभर कोपऱ्यात बसवतात त्याच्यापेक्षा हा रिवाज मला शहाणपणाचा वाटला. पण त्याला एक दुसरी बाजू आहे. उडकी केलेली बाई अंगावरच्या साडीनिशी जाते. पहिल्या नवऱ्याचे रान भावकीचे. मुलीही भावकीच्या.

आणि भावकी तिथे हजर होती. मल्लम्माचा दीर बिराप्पा गर्दीतून पुढे आला. चेहरा गंभीर, पण मिशीखाली सण चालू होता.

“पंच हाईत, साडी हाय, शब्द दिलाय, मानसं बगितली. सायबानं फोटू बी काढून ठिवलाय. आता काय ऱ्हायलं? भावाचं रान भावकीत आलं.”

“येडा हाईस का बिराप्पा?” पाटील म्हणाले. “परमुलकाचं मानूस. त्येला काय म्हाईत आपला रिवाज?”

“त्येला म्हाईत न्हाई, पर हिला म्हाईत हाय न्हवं? हिनं कामून घेतली खांद्यावर?”

मल्लम्माने साडी खांद्यावरून काढली, घडी घातली आणि पारावर ठेवली. “मला मान खाली घाल म्हनले, घातली. मान वर आस्ती तर टाकू दिली आस्ती व्हय?”

दाजीसाहेब मला विचारत होते, “काय म्हणतायत? आनंदले आहेत ना?” मी त्यांना दोन वाक्यांत सांगितले. त्यांचा चेहरा उतरला आणि ते म्हणाले, “चिटणीसबाई, हे सोलापुरात कुणाला कळता कामा नये.”

मल्लम्माचे रान जात होते, मुली जात होत्या. दाजीसाहेबांचे सोलापूर जात होते.

बाकीच्या साड्या गंगाक्कांनी आणि मी वाटल्या. दाजीसाहेबांना डोके दुखते म्हणून पाटलांच्या ओसरीवर नेऊन बसवले.

पंच

दुसऱ्या दिवशी सकाळी बिराप्पाने आपली बैलजोडी मल्लम्माच्या बांधावर नेऊन बांधली. अजून आत सोडली नव्हती, पण बैलांना शाळू दिसत होता, आणि बिराप्पा बांधावर बसून विळ्याला धार लावत होता. मल्लम्मा त्याच्यासमोर, पिकाच्या कडेला, दोन्ही मुलींना घेऊन बसली होती.

पंच बसले. त्यांच्यातले निम्मे बिराप्पाच्या नात्यातले. मनातून सगळ्यांना ठाऊक होते की हा वेडगळपणा आहे. पण रिवाज रीतसर झाला होता, आणि रीतसर झालेल्या वेडगळपणापुढे माणसे किती हतबल होतात हे आमच्या मंडळाच्या सभांतून मी पुरेसे पाहिले आहे.

तोड काढली गंगाक्कांनी. बायका पारावर चढत नाहीत म्हणून त्या खालूनच बोलल्या. खालून बोलल्या तरी वेशीपर्यंत ऐकू गेले.

“साडी काय निस्ता दादलाच देतो व्हय? भाऊ न्हाई देत? भाऊ साडी नेसवतो आन् बहिनीच्या घरात बसून जेवून जातो. ह्या अप्पानं मल्लम्माच्या चुलीवरचं जेवावं. चार मानसांनी बगावं. मंग ती साडी म्हायेरची. बिराप्पा, म्हायेरच्या साडीवर तुजं काय चालतंय रे?”

पंचांनी एकमेकांकडे पाहिले. भाऊ म्हणून जेवलेला माणूस नवरा असू शकत नाही, हे बिराप्पाच्या नात्यातल्यांनाही कबूल करावे लागले. सगळ्यांच्या माना हलल्या. बिराप्पाचा विळा थांबला. मला इतके हलके वाटले की मी घड्याळ काढून जेवणाची वेळ ठरवायला निघाले.

मी हिशेबात एकच माणूस धरला नव्हता.

“मी तिला भगिनी म्हणतो,” दाजीसाहेब म्हणाले. “मनापासून म्हणतो. वाटल्यास लिहून देतो. पण जेवण? आमच्या घरात तीन पिढ्या कुणी परान्न घेतलेलं नाही.”

“लिवून नक्को,” म्हातारे पंच म्हणाले. “जेवा.”

“विनायकभट तिच्या घरी जाऊन रांधेल. मी तिच्या दारात बसून जेवीन.”

“मंग भाऊ भटजीचा झालात तुमी,” गंगाक्का म्हणाल्या.

“फलाहार चालेल. तिच्या अंगणात बसून एक केळं खातो.”

इथे बिराप्पाला जोर आला. “केळं काय, पारावर बसून माकड बी खातंय! त्येला काय मल्लम्माचा भाऊ म्हनावं?”

पुन्हा हशा. दाजीसाहेब लाल झाले. मी त्यांना बाजूला घेतले आणि बऱ्याच गोष्टी सांगितल्या. तांदूळ-डाळ आपल्या पेटाऱ्यातली देऊ. पाणी आपल्या हंड्यातले. ती फक्त शिजवील. एक घास घ्या, उरलेले मी संपवते.

“हात तिचाच ना?” ते म्हणाले.

“हात तिचाच. म्हणून तर सगळं.”

“मग कसं जमेल?”

तेवढ्यात मल्लम्मा पाराशी आली. तिने सगळे ऐकले होते. दाजीसाहेबांकडे सरळ पाहत तिने विचारले, “अप्पा, तुमी काल काय बोललाव? माजा भार तुमच्यावर. माजी एक भाकर पेलवंना, आन् भार उचलायलाव व्हय?” मग पंचांकडे वळून, “ह्येंच्यासंगं उडकी झाली म्हनता न्हवं? मंग मला न्या की सोलापूरला. तितं तरी ह्ये माज्या हातचं कसं खात न्हाईत बगते मी!”

म्हाताऱ्या पंचांनी तोंडावर उपरणे धरले. दाजीसाहेब दोन पावले मागे सरकले; ती खरोखरच लॉरीत चढेल असे त्यांना वाटले असावे. मला मात्र दिसले की बोलताना तिने एका हाताने धाकटीचे मनगट धरले होते, आणि ते सोडत नव्हती.

पंचांनी पाडव्यापर्यंत मुदत दिली. तोवर बिराप्पाने बैल काढायचे. शाळू काढून पाटलांच्या खळ्यात टाकायचा, कोणाचा ते नंतर ठरेल. पाडव्याच्या आत साडी देणारा येऊन जेवून गेला तर साडी माहेरची, रान आणि मुली मल्लम्माच्या. नाही आला तर उडकी खरी.

मल्लम्माचे घर

निघायच्या आधी मी तिच्याकडे जेवले. माझ्या जेवण्याला पंचांच्या लेखी काही किंमत नव्हती, हे गंगाक्कांनी सांगितले होते. पण पंच उठल्याबरोबर तिने चूल पेटवली होती, भाऊ येईल या हिशेबाने.

घर म्हणजे एक खण आणि पुढे मेंढरांचा वाडा. मेंढरे आता चारच. भिंती पांढऱ्या मातीने सारवलेल्या, उतरंड घासलेली. तिने घोंगडे अंथरले. ताटात भाकरी, हरभऱ्याच्या भाजीचा गरगटा, शेंगांची चटणी, आणि हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर. गूळ कुठून आणला असेल याचा हिशेब मी केला नाही, कारण तो जेवताना करण्यासारखा नव्हता. शेजारी दुसरे ताट वाढून झाकून ठेवले होते.

“ते ह्येंचं,” ती म्हणाली. “वाटंत मन बदललं तर म्हनून.”

थोरली मुलगी विचारत होती, “अव्वा, मामा खरंच येनार न्हाई का गं?” मामा! त्या पोरीने दाजीसाहेबांना पंचांच्या आधीच मामा करून टाकले होते.

“येत्यात, येत्यात,” मल्लम्मा म्हणाली. “मोठी मानसं. त्येंला येळ लागतो.”

ते ताट शेवटी हुसेनने खाल्ले. दोनदा मागून घेतले. “क्या हुग्गी है अक्का!” म्हणाला. मल्लम्मा पहिल्यांदा हसली. साडी हुसेनने दिली असती तर हे प्रकरण दुपारीच मिटले असते.

सोलापूर, परत

नाक्यावर तोच नाकेदार होता. त्याने विचारले, “दुकान कैसी चली?”

मंडळाच्या सभेत दाजीसाहेबांनी दौऱ्याचा वृत्तांत दिला. सीमाभागातील जनतेच्या डोळ्यांत कृतज्ञतेचे अश्रू होते, असे ते म्हणाले. पाण्याने डोळे भरलेले मीही पाहिले होते. हसून भरलेले होते. मी उभी राहून मल्लम्माचा विषय काढला. तो ‘स्थानिक स्वरूपाचा’ असल्याने पुढच्या सभेवर ढकलण्यात आला. टाळ्या झाल्या, पेढे झाले. मोघ्यांनी तो फोटो मोठा करून आणला होता. तो आता सभामंडपात लावला आहे, खाली ‘अनाथेस वस्त्रदान’ अशी अक्षरे. दाजीसाहेब त्यात छान हसले आहेत. निर्ण्याकडचा कोणी भक्त दर्शनाला आला तर काय समजेल, असे मी विचारले. फ्रेम चांगली आहे, असे उत्तर मिळाले.

त्यानंतर मी दाजीसाहेबांकडे पुष्कळदा गेले. आधी घसा बसला होता. मग एकादशी होती. मग शिमगा आला, आणि शिमग्यात परमुलखात जाऊ नये म्हणतात. एकदा त्यांनी मला आणखी साड्या देऊ केल्या, मल्लम्मासाठी, हव्या तितक्या. मी त्या घेतल्या नाहीत. त्या माणसाने त्या बाईला आता रुमालसुद्धा देऊ नये.

कामे झाली ती अशी: रिकामी पोती अडत्याकडे परत केली. कलेक्टर कचेरीला आणि गंगाक्कांना पत्रे गेली. कोहिनूरच्या मास्तरांना शाळेसाठी पाट्या पाठवल्या. पुढच्या वेळी साड्या बायकांनीच द्यायच्या, असा ठराव मी मंजूर करून घेतला. त्याला दाजीसाहेबांनीच अनुमोदन दिले.

परवा हुसेन त्या रस्त्याने आला. शाळू पाटलांच्या खळ्यात पडला आहे. बिराप्पा रोज येऊन ढिगाकडे पाहून जातो. मल्लम्माने निरोप दिला आहे: भावाला भाजी कोणती आवडते ते विचारून कळवा.

मी तो निरोप दाजीसाहेबांच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाईकांसमोर, मोठ्याने सांगितला. त्यांनी गजावर कापड मोजता मोजता म्हटले, “बघू.” मी म्हटले, “भाजी सांगा.” त्यांनी गज खाली ठेवला आणि म्हटले, “वांगं.”

तसे मी हुसेनच्या हाती कळवले आहे. पाडवा जवळ आला. शनिवारी लॉरी हुमनाबादला जाते आहे, पुढची जागा धरून ठेवली आहे, पेटारे आणि हंडे न्यायचे नाहीत असे विनायकभटाला बजावले आहे. दाजीसाहेबांना लॉरीत बसवायचे अजून राहिले आहे.